घरच्या बिनतारी पेटीची निवड

गोष्ट २०२१ सालच्या पावसाळ्यातील आहे. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरत होते. माझी पुतणी त्या वर्षी दहावीला होती. आमचे बेळगावच्या शहापूर भागातील घर आजोबांच्या वेळचे. पुढे सोपा, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी परसदाराला लागून एक लहानशी खोली. भिंती दगड-मातीच्या व हातभर जाडीच्या. अभ्यासाला शांत अशी जागा म्हणजे ती शेवटची खोलीच. परंतु इंटरनेट मात्र सोप्याच्या उंबरठ्यापुढे पाऊल टाकीत नसे. बिचारी मुलगी वह्या-पुस्तके घेऊन सोप्यातील जिन्याच्या पायरीवर बसे. एका बाजूला आल्यागेल्यांच्या गप्पा, दुसऱ्या बाजूला टीव्ही. माजघरात जावे तर तासाच्या मध्येच ती हाक मारी, "काका, सर दिसताहेत, पण काय बोलताहेत ते कळत नाही!"

मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. हे कोडे आपण सहज सोडवू अशा घमेंडीत बाजारात गेलो आणि चार अँटेनांचा, दिसावयास मोठा रुबाबदार असा मोडेम-राऊटर घेऊन आलो. जुन्या पेटीच्या जागी, सोप्यातच, तो बसविला. सोप्यात पूर्वीही उत्तम चालत होते, ते आता अत्युत्तम चालू लागले. मागच्या खोलीत मात्र पूर्वीसारखाच शुकशुकाट. शिवाय आठवड्याभराने ध्यानात आले की, त्या पेटीतील मोडेमचा आम्हांस काडीइतकाही उपयोग नाही. दुकानदाराने फसविले असे मुळीच नव्हे. आमचे घर कसे आहे हे मी त्याला सांगितले नव्हते, आणि खरे म्हणजे मी स्वतःही घराचा विचार केलाच नव्हता. जी चूक मी केली ती तुमच्या घरी होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या पेटीत असते काय ते पाहू. आपण जिला एका नावाने ओळखतो तिच्यात वस्तुतः तीन-चार निरनिराळी यंत्रे एकत्र कोंबलेली असतात. त्यांपैकी मोडेम हा दुभाषा होय. बाहेरून येणाऱ्या तारेतील लहरींची भाषा निराळी आणि संगणकाची शून्य-एकाची भाषा निराळी. एका भाषेतील मजकूर दुसरीत उतरविणे हे त्याचे काम. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. त्या काळी मोडेम टेलिफोनचा क्रमांक फिरवी व शिट्ट्यांसारखे चमत्कारिक आवाज काढून पलीकडच्या मोडेमशी बोलणे सुरू करी. तुमच्या आईवडिलांपैकी काहींना ते आवाज आजही आठवत असतील.

राऊटर हा त्याहून निराळा. एखाद्या जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात, पण वाड्याला घरक्रमांक एकच असतो. पोस्टमन सारी पत्रे देवडीवरच्या कारभाऱ्याकडे देऊन जातो आणि कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे हे कारभारी जाणतो. घरातील मोबाइल, संगणक, टीव्ही ही बिऱ्हाडे आणि राऊटर हा कारभारी. बाहेरच्या जगाला बहुधा त्याचाच पत्ता ठाऊक असतो. याच पेटीत तारेने जोडण्याची तीन-चार छिद्रे असतात, आणि शेवटी बिनतारी लहरी सोडणारे व झेलणारे छोटेसे केंद्र असते. लोक ज्याला 'वायफाय' म्हणतात ते एवढेच. ते म्हणजे इंटरनेट नव्हे. माजघरापासून तुमच्या हातापर्यंतची ती केवळ शेवटची पायवाट आहे.

इतके समजले म्हणजे दुकानात जाण्यापूर्वी घरात कोणती तार येते हे पाहण्याचे महत्त्व कळेल. ती तांब्याची टेलिफोनची तार असेल तर ए.डी.एस.एल. किंवा व्ही.डी.एस.एल. जातीचा मोडेम लागतो, आणि टेलिफोन केंद्र जितके दूर तितका वेग कमी होत जातो. टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट येत असेल तर तिचा मोडेम आणखी वेगळा. आता पुष्कळ घरांत काचतंतू, म्हणजे फायबर, आला आहे. तेथे टेलिफोनच्या मोडेमचे कामच उरत नाही. काचतंतूतून येतो तो प्रकाश. त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी ओ.एन.टी. नावाची पेटी इंटरनेट देणारी कंपनीच बसवून देते. आमच्या घरी हीच पेटी आधीपासून भिंतीवर टांगलेली होती आणि मी मोडेमसाठी वेगळे पैसे मोजून आलो होतो!

या काचतंतूची रचना मोठी मनोरंजक आहे. मुख्य तंतूतून येणारा प्रकाश वाटेत विभाजकाने वाटून बहुधा ३२ किंवा ६४ घरांपर्यंत नेतात. आपल्याकडे प्रचलित असलेल्या जी-पॉन पद्धतीत घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर बसून येते, तर घरातून जाणारी १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर. त्यामुळे एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकींना धक्का न लावता चालते. दोन्ही प्रकाश डोळ्यांना न दिसणारे आहेत. म्हणून तंतू सुटला तर कुतूहलाने त्याच्या टोकात डोकावू नये. वाटेतील विभाजकांना विजेची गरज नसते. सबब गल्लीतील वीज गेली तरी, केंद्राकडे वीज असेल व घरातील पेट्यांना बॅटरीचा आधार असेल, तर इंटरनेट बहुधा चालूच राहते. ओ.एन.टी. आणि राऊटर या दोहोंना पुरेल असा लहानसा बॅटरीचा डबा बाजारात मिळतो. मात्र घेताना दोन्ही पेट्यांवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. ज्यांच्या गावी परीक्षेच्या दिवसांतही वीज जाते, त्यांनी महागड्या राऊटरपेक्षा आधी याचा विचार करावा असे मी म्हणेन.

आता भिंतींकडे वळू. कारण आमचे घोडे अडले होते ते तेथेच. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतींच्या आरपार पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली होती. म्हणजे भिंत या लहरींना साफ अडवीत नाही. पण ती वाटेत जकात मात्र घेते, आणि जाड भिंतीची जकात जबर असते. समजा, एक भिंत लहरीच्या शक्तीचा दहावा हिस्सा पलीकडे जाऊ देते. तर दोन भिंतींपलीकडे शंभरावा आणि तीन भिंतींपलीकडे हजारावा हिस्सा उरेल. आता माझी चूक पाहा. चार अँटेनांची पेटी आणून शक्ती दुप्पट झाली असे जरी धरले, तरी मागच्या खोलीत हजारात एकाऐवजी हजारात दोन हिस्से पोहोचणार. उलट जुनीच पेटी एक भिंत ओलांडून माजघरात आणली असती, तर त्याच खोलीत दसपट शक्ती पोहोचली असती. हा हिशेब फळ्यावर मांडावयास दोन मिनिटे लागतात. मी तो पैसे दिल्यानंतर मांडला.

बरे, पेटीने लहरी किती जोराने सोडाव्यात यावर कायद्याची मर्यादा आहे. ती नसती तरी काम भागले नसते. गणेशोत्सवाच्या मांडवातील ध्वनिक्षेपक चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो, पण तेथून तुम्ही दिलेले उत्तर मांडवात कोणाला ऐकू येते काय? मोबाइल आणि राऊटर यांचे बोलणे दुतर्फी असते. मोबाइलचा आवाज मुळातच लहान, बॅटरी जपून वापरणारा. तोही त्याच भिंती ओलांडून परत यावयास हवा. मोबाइलवर खुणेच्या रेघा भरपूर दिसूनही तास अडखळतो, त्याचे एक कारण हे असते.

या लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्धी वीत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे ६ सेंटिमीटर. पहिल्या भिंतींतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण त्यांच्या रस्त्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांच्या पेट्या तेथेच, ब्लूटूथ तेथेच, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात काम करते. दाट वस्तीच्या गल्लीत हा पट्टा बाजारच्या दिवसासारखा गजबजतो. त्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११ क्रमांकांच्या. दुसऱ्या पट्ट्यात वाटा पुष्कळ आणि वेगही अधिक, पण भिंतीपुढे त्या लवकर हार खातात. म्हणून दोन्ही पट्टे असलेली पेटीच घ्यावी. पाणी या लहरी शोषून घेते आणि लोखंड त्या परतवून लावते. त्यामुळे आमच्याकडील चार महिन्यांच्या पावसात ओल धरलेली भिंत अधिक आडमुठी बनते, आणि लोखंडी कपाट, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी यांच्या आडोशाला पेटी ठेवणे म्हणजे दिवा लावून त्यावर घमेले पालथे घालणे होय.

डब्यावरील आकड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. '१२००' असा ठळक आकडा वाचून मीही भारावलो होतो. तो असा बनतो : एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट, यांची बेरीज करून वर गोळाबेरीज. पण तुमचा मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, आणि हे आकडेही आदर्श परिस्थितीतले. शिवाय मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे, हे संगणकाच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात. उलट जो आकडा खरोखर पाहावयास हवा तो बारीक अक्षरांत असतो. स्वस्त पेट्यांतील तारेची छिद्रे कित्येकदा १०० मेगाबिटांचीच असतात. घरी ३०० मेगाबिटांची जोडणी घेऊन अशी पेटी लावली, तर दरमहा दिलेल्या पैशांतील मोठा हिस्सा त्या छिद्राबाहेरच ताटकळत राहतो. छिद्रे गिगाबिटची असावीत. अर्थात वर्ग ऐकावयाला दोन-तीन मेगाबिटही पुरतात. भारत सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडची किमान व्याख्या ठरविली तीही २ मेगाबिटांचीच. वेगापेक्षा अखंडपणा मोलाचा.

बिनतारी जाळ्याचे पहिले मानक १९९७ साली ठरले तेव्हा वेग होता २ मेगाबिट. पुढे पिढ्या बदलत गेल्या. २०२१ साली मान्यता मिळालेली सहावी पिढी एकाच वेळी अनेक उपकरणे बोलत असता नीट सांभाळते. म्हणून भरल्या घराला ती सोयीची. सातवी पिढीही आली आहे, पण घरातील मोबाइल जुनेच असतील तर तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. सुरक्षिततेसाठी डब्ल्यू.पी.ए.-३, निदान डब्ल्यू.पी.ए.-२ असल्याची खात्री करावी. पेटी घरी आल्याबरोबर कारखान्यातून आलेला तिच्या कारभाराचा परवलीचा शब्द बदलावा. तो न बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली तेथेच खिळ्याला टांगून ठेवणे.

शेवटी आमच्या घरी काय झाले ते सांगतो. ओ.एन.टी. सोप्यातच राहिली. तेथून वीस मीटर लांबीची साधी जाळ्याची तार आणली. अशी तार १०० मीटरपर्यंत बिनधोक चालते आणि तिला भिंतींची जकात नाही. आईने भिंतीला भोक पाडू देण्यास साफ नकार दिला, तेव्हा ती तुळईच्या कडेने, वरच्या झरोक्यातून माजघरात नेली. मी आणलेली रुबाबदार पेटी, तिचा मोडेम झोपलेलाच ठेवून, माजघरात उंच फळीवर बसविली. तेथून दुसरी तार मागच्या खोलीत नेली आणि तिच्या टोकाला जुना राऊटर जोडला. त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याला केवळ बिनतारी केंद्र म्हणून ठेवले, कारण एका वाड्यात दोन कारभारी असले की भांडणे होतात. पहिल्या लहरी झेलून पुन्हा सोडणारे उपकरण तारेशिवायही चालले असते, पण तेच ते बोलणे त्याला दोनदा बोलावे लागते आणि वेग निम्म्यावर येतो. दोन्ही तारांना मिळून झालेला खर्च पेटीच्या किमतीपुढे अगदी क्षुल्लक होता. श्रावण लागण्यापूर्वी पुतणीचे टेबल परसदाराच्या खोलीत गेले.

आता तक्रार एकच उरली आहे. माजघरात धूळ बसते म्हणून आई दर शुक्रवारी त्या पेटीवर भरतकामाचा रुमाल घालते. पेटी तापते, वारा लागला नाही तर बिघडेल, असे सांगून मी तो काढतो. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा तेथेच असतो.