पांढऱ्या पिल्लाचा फोटो आणि इनुइटांचा सील

बर्फावर पडलेलं पांढरंशुभ्र पिल्लू, काळेभोर पाणीदार डोळे आणि शेजारी दांडकं उगारलेला माणूस. सीलच्या शिकारीचा विषय निघाला की जगभर हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो १९७७ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बर्फावर जाऊन आली. पिल्लाला कवटाळलेला तिचा फोटो युरोपभर गाजला आणि सीलच्या कातड्याचा कोट घालणारा माणूस लोकांच्या नजरेतून कायमचा उतरला. भारतानेही २०१८ मध्ये सीलच्या कातड्यांची आयात बंद केली. मुंबई-पुण्यात कुणी सीलच्या कातड्याचे बूट घालून फिरत होतं अशातला भाग नाही. पण मत आपल्याकडेही तयार आहे. फर म्हणजे क्रौर्य, शिकार म्हणजे रानटीपणा, विषय संपला.

या मताची किंमत ज्यांनी मोजली, ते लोक त्या फोटोत कुठेच नव्हते. शाळेच्या भूगोलात आपल्याला ‘एस्किमो’ म्हणून भेटलेले हे इनुइट. उत्तर कॅनडा, ग्रीनलंड आणि अलास्का इथे त्यांची वस्ती आहे. कॅनडात ते सत्तर हजारांच्या आसपास आहेत, तर ग्रीनलंडच्या छप्पन्न हजारांच्या वस्तीत बहुसंख्य तेच. त्यांच्या शिकारीबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं साफ चुकीचं आहे. काही अर्धवट खरं आहे, तेही सांगायला हवं.

‘पांढऱ्या पिल्लांना दांडक्याने मारणारे ते हेच लोक’

नाही. त्या गाजलेल्या फोटोतलं पिल्लू हार्प सीलचं. न्यूफाउंडलंड आणि सेंट लॉरेन्सच्या आखाताजवळच्या तरंगत्या बर्फावर हे सील वितात, आणि तिथे दर वसंतात जी मोठी व्यापारी शिकार चाले ती प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावरच्या बिगर-इनुइट कोळ्यांची. पिल्लाचा पांढरा रंग जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. अशा पांढऱ्या पिल्लांच्या व्यापारी शिकारीवर कॅनडाने १९८७ मध्ये बंदी घातली. पोस्टरवरचं चित्र मात्र आजही तेच आहे.

कॅनडातले इनुइट मुख्यतः मारतात तो रिंग्ड सील. अंगावर फिकट कड्यांची नक्षी असलेला, पन्नास ते सत्तर किलोंचा, आर्क्टिकमधला सगळ्यात लहान सील. ग्रीनलंडचे शिकारी हार्प सीलही घेतात, पण ते स्थलांतराच्या वाटेवरचे, पांढरेपण संपलेले.

रिंग्ड सीलची हिवाळ्यातली शिकार कशी होते ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. समुद्र गोठतो, बर्फ दीड-दोन मीटर जाड होतो आणि सील खाली पाण्यात असतो. त्याला श्वास तर हवाच. मग तो वल्ह्यासारख्या पुढच्या पायांच्या नख्यांनी बर्फ खरवडून काही भोकं उघडी ठेवतो. वरून त्यावर हिम साचलेलं असतं, त्यामुळे माणसाच्या नजरेला काही दिसत नाही. पूर्वी कुत्रा वासावरून भोक हुडकून देई. शिकारी पायाखाली केसाळ कातड्याचा तुकडा अंथरतो, कारण हिम करकरलं तरी सील दुसऱ्या भोकाकडे वळतो. भोकात हाडाची बारीक काडी किंवा पीस खोचलेलं असतं. सील वर येऊ लागला की त्याच्या अंगाने पाणी वर ढकललं जातं आणि काडी थरथरते. तोवर उणे तीस अंशांत वाकून उभं राहायचं, कधी काही तास. काडी हलली की भाला खाली. भाल्याचं टोक सुटं होऊन सीलच्या अंगात अडकतं आणि त्याला बांधलेली दोरी शिकाऱ्याच्या हातात राहते. मारलेल्या सीलच्या तोंडात हिम वितळवून गोडं पाणी सोडायची रीत होती. खाऱ्या पाण्यात राहणारा जीव तहानलेला असतो, त्याला पाणी पाजलं तर तो पुन्हा येतो, ही त्यामागची श्रद्धा.

‘शिकार होते ती फक्त कातड्यासाठी’

आपल्याकडे चामड्यासाठी बोकड कापत नाहीत. कापतात मटणासाठी, कातडं मागाहून देवनारहून धारावीच्या कारागिरांकडे जातं. सीलचंही तसंच आहे.

सील घरी आला की फरशीवर पुठ्ठा किंवा प्लास्टिक अंथरून तो तिथेच फोडतात आणि घरचे भोवती बसून कच्ची कलेजी ताजी ताजी खातात. मांस जवळपास काळपट दिसतं. पाण्याखाली बराच वेळ दम धरता यावा म्हणून सीलच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं प्रथिन भरपूर असतं, आणि त्यामुळे लोहही. कलेजीतून जीवनसत्त्व अ मिळतं, चरबीतून ओमेगा-३. जिथे भाजीचा मळा कधीच नव्हता तिथे माणसं हजारो वर्षं धडधाकट जगली ती अशा अन्नावर. मांस एका घरात राहत नाही. म्हाताऱ्यांकडे, विधवांकडे, ज्याच्या घरी शिकारी नाही त्याच्याकडे वाटा जातो. चरबीवर दगडी दिवा पेटे. कुलिक म्हणतात त्या दिव्याला. त्याच्यावरच उजेड, ऊब, स्वयंपाक आणि ओले कपडे वाळवणं. आज घराघरांत वीज आहे, पण समारंभात कुलिक अजूनही लावतात.

उरतं कातडं. बायका अर्धचंद्राकृती पात्याच्या उलूने त्यावरची चरबी खरवडतात, ते धुऊन चौकटीवर ताणून वाळवतात. त्याचे बूट, म्हणजे कामिक, शिवताना टाके असे घालायचे की सुई कातड्याच्या आरपार जाऊ नये. भोक पडलं तर पाणी शिरणार, आणि ओल्या पायाने त्या थंडीत बोटं गमवायची वेळ येते. पूर्वी शिवायला कॅरिबू हरणाच्या पाठीची शीर वापरत. ती पाण्यात फुगून टाक्याची जागा बुजवते. हल्ली दात साफ करायचा मेणाचा दोराही चालतो. फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यासारखी दाट मऊ लव सीलला नसते. केस आखूड, राठ आणि पाणी न धरणारे. ऊब हवी असेल तर कॅरिबूचं कातडं, पाण्यापासून बचाव हवा असेल तर सीलचं, हा हिशेब तिथल्या प्रत्येक शिवणाऱ्या हाताला पाठ आहे.

घरच्या गरजेपेक्षा जास्तीची कातडी विकली जातात. त्या पैशातून पेट्रोल, काडतुसं, स्नोमोबाइलचे सुटे भाग येतात, म्हणजे पुढच्या शिकारीचा खर्च निघतो. म्हणून कातड्याचा भाव पडला तेव्हा सील खायची गरज संपली नाही. शिकारीला जाणं तेवढं परवडेनासं झालं.

‘सील नामशेष होत चाललेत’

रिंग्ड सील आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे, हार्प सीलही २०२५ पर्यंत त्याच गटात होता, आणि दोघांचीही संख्या लाखांत मोजली जाते. तरीही अमेरिकेने २०१२ मध्ये आर्क्टिकमधल्या रिंग्ड सीलला संकटग्रस्त ठरवलं. हा निर्णय शिकारविरोधी प्रचारात अनेकदा अर्धाच सांगितला जातो. त्याचं मुख्य कारण शिकार नव्हतं, तापमानवाढ होतं. रिंग्ड सीलची मादी मार्च-एप्रिलमध्ये बर्फावर साचलेल्या हिमात पोकळी करून विते. हिम पातळ पडलं किंवा लवकर वितळलं की ते छप्पर कोसळतं आणि उघड्यावरचं पिल्लू थंडीला किंवा ध्रुवीय अस्वलाला बळी पडतं. ज्या धुराने हे हिम वितळतंय, त्यात इनुइटांचा वाटा नगण्य आहे.

पाऱ्याचं तसंच. कोळसा जाळून आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून हवेत जाणारा पारा वाऱ्यांबरोबर उत्तरेकडे जातो आणि समुद्री अन्नसाखळीत साठतो. असा पारा हवेत सोडण्यात आशिया खंड जगात सगळ्यात पुढे आहे, तेव्हा आपणही अगदी नामानिराळे नाही. कॅनडातल्या नुनावुत प्रदेशाच्या आरोग्य खात्याने २०१२ मध्ये गर्भधारणेच्या वयातल्या बायकांना रिंग्ड सीलची कलेजी टाळायला सांगितलं. मांस खात राहा, ते पोषकच आहे, असंही सोबत सांगितलं.

‘बंदूक आणि स्नोमोबाइल आली, मग परंपरा कसली?’

हा आक्षेप शहरातली माणसं फार आवडीने घेतात. इंजिनाची होडी आणि नायलॉनचं जाळं आलं म्हणून आपला कोळी कोळी राहिला नाही असं कुणी म्हणत नाही. बर्फ वाचणं, मांसाचे वाटे करणं, उलूने कातडं साफ करणं हे स्नोमोबाइलने संपत नाही.

‘दुकानातून आणून खावं, कृत्रिम जॅकेट घालावं’

नुनावुत हा कॅनडाचा प्रदेश १९९९ साली वेगळा झाला. क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटीहून जास्त, आणि वस्त्या फक्त पंचवीस. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता नाही. वर्षभर माल विमानाने येतो आणि उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत जहाजाने. हजारो किलोमीटर उडून आलेली कोबी मिळते, पण तिची किंमत बघून हात मागे येतो. २००७-०८ च्या आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या सुमारे ७० टक्के इनुइट घरांना पोटभर आणि नीट अन्नाची शाश्वती नव्हती. घरासमोरच्या समुद्रात अन्न असताना त्यांना दक्षिणेतलं कारखान्यातलं चिकन विमानाने मागवा असं सांगायचं, यात प्राण्यांचं कसलं भलं होतं? त्या कोंबडीने उभ्या जन्मात आभाळ पाहिलेलं नसतं. सील शेवटच्या क्षणापर्यंत मोकळा असतो.

कृत्रिम फर बनते ॲक्रिलिक आणि पॉलिस्टरपासून, म्हणजे खनिज तेलापासून. प्रत्येक धुण्यात तिचे सूक्ष्म धागे पाण्यात जातात आणि अखेर समुद्रात पोचतात. सीलच्या कातड्याचे बूट नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं टिकतात, आणि मोडीत निघाले तर कुजून जातात.

‘म्हणजे फर सगळीच चांगली’

हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि फर विकणाऱ्या बड्या कंपन्या तो खुशाल वापरतात. इनुइट शिकाऱ्याचा फोटो जाहिरातीत लावायचा आणि आतला माल पिंजऱ्यातल्या मिंकचा. जगातली बहुतांश व्यापारी फर शेतांवरच्या मिंक आणि कोल्ह्यांची असते. तारेच्या पिंजऱ्यात जन्म, तिथेच मरण, मांस कुणाच्या ताटात नाही. कोविडच्या साथीत २०२० मध्ये डेन्मार्कने दीड कोटीहून अधिक मिंक मारून टाकले, ते अशाच शेतांवरचे. त्या धंद्याची आणि श्वासाच्या भोकाशी उभ्या माणसाची तुलना करणं हा लबाडपणा आहे.

‘परंपरा’ म्हटलं की सगळं आपोआप टिकाऊ होतं असंही नाही. बाफिन बेटावरच्या कॅरिबूंची संख्या घसरली तेव्हा नुनावुत सरकारने जानेवारी २०१५ पासून तिथली शिकार पूर्ण थांबवली आणि नंतर फक्त २५० नरांची परवानगी दिली. त्या शिकारीवर जगणाऱ्यांना ते सोपं गेलं नाही. पण प्राण्यांची मोजणी करायची आणि कमी दिसले तर थांबायचं, ही शिस्त असल्याशिवाय टिकाऊपणाच्या गप्पांना अर्थ उरत नाही. शिवाय मारणं ते मारणंच. गोळी दर वेळी नेमकी लागत नाही, आणि जखमी सील पाण्यात बुडून जातो, हेही खरं.

‘इनुइटांना बंदीतून सूट आहे, त्यांचं काय बिघडतं?’

कागदावर सूट आहे, अगदी पहिल्यापासून. युरोपीय आर्थिक समुदायाने १९८३ मध्ये हार्प आणि हूडेड सीलच्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली तेव्हा इनुइटांची पारंपरिक शिकार त्यातून वगळली होती. पण दुकानात कोट बघणारं गिऱ्हाईक कायद्याचं कलम वाचत नाही. ‘सील’ म्हटलं की त्याला पिल्लू आठवतं. सगळ्याच सीलच्या कातड्यांचा भाव कोसळला, प्रौढ रिंग्ड सीलचाही, आणि रोख पैशाचं दुसरं साधन नसलेल्या गावांच्या हाती काही राहिलं नाही.

२००९ मध्ये युरोपीय संघाने सीलच्या सगळ्याच उत्पादनांचा व्यापार बंद केला. पुन्हा इनुइटांना सूट, पुन्हा तोच परिणाम. त्याच वर्षी कॅनडाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांनी नुनावुतमधल्या रँकिन इनलेटला उलू हातात घेऊन सील कापला आणि त्याच्या काळजाचा तुकडा कच्चा खाल्ला. युरोपात बराच गहजब झाला. कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. २०१४ च्या अंतिम निकालात सार्वजनिक नैतिकतेच्या कारणावरून बंदी मान्य झाली, पण सूट ज्या पद्धतीने दिली जात होती ती पक्षपाती ठरली. तिचा लाभ जवळजवळ फक्त ग्रीनलंडलाच मिळत होता. त्याच वर्षी ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने आपल्या जुन्या मोहिमेमुळे झालेल्या नुकसानीबद्दल इनुइटांची जाहीर माफी मागितली. आणि ऑस्कर सोहळ्यातल्या एका गाजलेल्या सेल्फीतून आलेल्या देणगीचा वाटा सीलविरोधी मोहीम चालवणाऱ्या संस्थेला गेला, तेव्हा इनुइट तरुणांनी सीलच्या कातड्याचे कपडे घालून स्वतःचे फोटो टाकले आणि त्यांना नाव दिलं ‘सीलफी’. अलेथिया अर्नाकुक-बारिल या इनुइट दिग्दर्शिकेने या सगळ्यावर २०१६ मध्ये ‘अँग्री इनुक’ हा माहितीपट केला. या विषयावर ठाम मत असलेल्याने तो एकदा जरूर पाहावा.

२०१५ पासून नुनावुतचं सरकार आपल्या शिकाऱ्यांच्या कातड्यांना युरोपात चालेल असं प्रमाणपत्र देऊ शकतं. म्हणजे कायद्याने ती कातडी तिथे विकता येतात. गेलेलं गिऱ्हाईक मात्र त्या प्रमाणपत्राने परत आलेलं नाही.