अर्जाला न आलेलें उत्तर

नोकरीच्या शोधांत असलेल्या तरुणाला सर्वांत अधिक दुःख कशाचें होत असेल? नकाराचें, असें कोणीहि सांगेल. परंतु ज्या घरांत असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला ठाऊक असतें कीं, नकाराहून जाचक असतें तें मौन. नकार आला तर मनुष्य दोन दिवस खिन्न होतो आणि तिसऱ्या दिवशीं दुसरा अर्ज लिहावयास बसतो. उत्तरच आलें नाहीं, तर अर्ज पोंचला कीं नाहीं, कोणी वाचला कीं नाहीं, उणें कोठें पडलें, यांतलें कांहींच कळत नाहीं. पूर्वीं पोस्टमनच्या पावलांकडे कान लागत. आज मोबाईलच्या पडद्याकडे डोळे लागतात, इतकाच काय तो फरक.

दुसरा जाच अनुभवाच्या अटीचा. नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं, आणि अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं! पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरूं नये, असाच हा न्याय. तिसरा जाच संशयाचा. जागा दुसऱ्याला मिळाली कीं, ती वशिल्यानेंच मिळाली असें वाटूं लागतें. आणि कधीं कधीं तें खरेंहि असतें.

सरकारनें या कामीं हात दिला नाहीं असें नाहीं. १९४५ सालीं, सैन्यांतून मोकळ्या होणाऱ्या शिपायांस काम मिळावें म्हणून सेवायोजन कार्यालयें निघालीं. १९४८ सालीं त्यांचीं दारें सर्वांस उघडीं झालीं. १९५९ च्या कायद्यानें सरकारी कचेऱ्यांवर, तसेंच २५ किंवा अधिक माणसें कामास असलेल्या खाजगी आस्थापनांवर, रिकाम्या जागा कळविण्याचें बंधन घातलें. परंतु नेमणूक त्याच यादींतून करावी असें बंधन मात्र घातलें नाहीं. म्हणून नांव नोंदविलें म्हणजे काम झालें, असें कधींच नव्हतें.

मग नोकरी मिळते तरी कशी? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील बोस्टनजवळच्या न्यूटन गांवीं, नव्यानें नोकरी बदललेल्या २८२ सुशिक्षित पुरुषांकडून याची माहिती मिळविली. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत शेंकडा ५६ जणांना नोकरी ओळखीच्या माणसाकडून मिळाल्याचें आढळतें. मात्र ही ओळख जिवलगांची नव्हती. नेहमीं भेटणाऱ्या माणसाकडून वार्ता कळलेले सहांत एकच निघाले. बाकीच्यांना ती क्वचित् भेटणाऱ्यांकडून कळली. याचें कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जें ठाऊक, तें आपल्यालाहि ठाऊकच असतें; नवी वार्ता दूरच्या माणसापाशीं असते. ओळख आणि वशिला या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वशिला पात्रतेला बाजूस सारतो. ओळख पात्र माणसाला जागेचा पत्ता सांगते.

आतां या शोधांतली खरी अडचण ध्यानांत येईल. ज्या वेळीं चार माणसांत मिसळावयाचें, नेमक्या त्याच वेळीं निराश मनुष्य घरांत दडून बसतो. व्हिएन्नाजवळील मारिएनथाल या खेड्यांतली गिरणी बंद पडल्यावर तेथील लोकांचा जो अभ्यास १९३३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत हेंच दिसून आलें. बेकारांपाशीं वेळ भरपूर होता आणि ग्रंथालयाची फीहि उठविली होती. तरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळ जवळ निम्म्यावर आली. रिकामा वेळ माणसाला मोकळें करीत नाहीं, तो त्याला आक्रसवितो.

म्हणून घरच्या मंडळींचें कर्तव्य मोठें आहे. रोज सायंकाळीं ‘काय झालें?’ असें विचारल्यानें उत्तर लौकर येत नाहीं. फक्त मुलगा उशिरां घरीं येऊं लागतो. त्यापेक्षां अर्जांसाठीं दिवसाची एक वेळ ठरवून द्यावी आणि उरलेल्या वेळांत त्याला वाचनालयांत, लग्नकार्यांत, जुन्या शिक्षकांच्या भेटीस धाडावें. तेथें ‘सध्यां काय करतोस?’ हा प्रश्न येणारच. ‘काम शोधतो आहें,’ असें मान वर करून सांगण्याचें बळ त्याला घरांतूनच मिळावयाचें असतें.

आणि याच घरांतील कोणी वडीलधारा कचेरींत अर्ज वाचणाराहि असेल. जागा भरली, एवढ्या एका ओळीनें कचेरीचें फारसें कांहीं जात नाहीं. दुसऱ्या एखाद्या घरचें वाट पाहणें मात्र संपतें.