घटक-चाचणीतील आयात-दोष : स्वरूप व निरसन

सातारा जिल्ह्याचा काही भाग व विलीन संस्थानांचा मुलूख मिळून १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला. १९६० साली त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. या जिल्ह्याची माहिती असलेल्या जावास्क्रिप्ट-फाइलीचे नावही तसेच पालटले, परंतु चाचणी-फाइलीतील आयात-विधानात जुने नाव राहिले, अशी कल्पना करावी. अशा वेळी चाचणी अनुत्तीर्ण झाली असे म्हणता येत नाही. ती मुळी झालेलीच नसते. सबब मूळ आज्ञावलीत फेरफार करणे व्यर्थ होय.

आयात-दोष मुख्यतः दोन प्रकारचे. ‘मॉड्यूल सापडत नाही’ हा पत्त्याचा दोष. सापेक्ष मार्ग आयात करणाऱ्या फाइलीपासून मोजावा, आज्ञा दिलेल्या फोल्डरपासून नव्हे. रोमन अक्षरांचा लहान-मोठा भेद विंडोजवर सहसा खपतो; लिनक्सवर खपत नाही.

‘मॉड्यूलबाहेर इम्पोर्ट चालत नाही’ हा पद्धतीचा दोष. नोडची मूळची पद्धत ‘रिक्वायर’ची, ‘इम्पोर्ट’ २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट प्रमाणकाने आणले. नव्या पद्धतीची फाइल जुनी समजून वाचली गेल्यास हा दोष उद्भवतो. नोडच्या अंगभूत चाचणी-साधनासाठी पॅकेज-फाइलीत ‘टाइप’पुढे ‘मॉड्यूल’ असे नोंदवावे व सापेक्ष मार्गात फाइलनामाचा प्रत्ययही लिहावा. जेस्टमध्ये मात्र बेबेलकरवी रूपांतर करविणे सोयीचे. बाहेरून आणलेली पॅकेजे जेस्ट एरवी रूपांतराविना वाचतो. दोष तेथे असल्यास त्या पॅकेजापुरता अपवाद नोंदवावा.

सारांश, दोष पत्त्याचा की पद्धतीचा, हा निर्णय प्रथम करावा. चाचणीच्या निकालाचा विचार त्यानंतरचा.