परमुलखातला पोळा

पोळ्याच्या दिवशी घरापासून लांब असावं, याची रुखरुख शेतकऱ्याच्या पोरालाच कळते. नोकरीच्या निमित्तानं मी ऑस्ट्रिया देशातल्या इन्सब्रुक शहरात दोन वर्षं राहिलो. पहिल्याच वर्षी श्रावणी अमावस्येला घरी फोन लावला. वडील म्हणाले, "ढवळ्या गेला रे. यंदा दारात जोडी नाही. मातीचेच बैल पुजले." पुढं दोघांनाही बोलवेना.

ऑक्टोबरच्या आरंभी कामावरचा एक सोबती म्हणाला, "चल, आमचा गुरांचा सण बघ." त्याच्याबरोबर झिलरताल खोऱ्यातल्या मायरहोफेन गावी गेलो. या सणाला तिकडं 'आल्मआब्ट्रीब' म्हणतात. म्हणजे डोंगरावरच्या कुरणातून गुरं खाली आणणं.

तिथली रीत अशी. उन्हाळा लागला की गाई आल्प्सच्या उंच कुरणात चढवायच्या. सुमारे शंभर दिवस त्या तिथंच राहतात. गुराखीही वरच राहतो, दूध काढतो, चीज करतो. तेवढ्या दिवसांत खाली खोऱ्यातलं गवत कापून, वाळवून हिवाळ्याची बेगमी होते. बरीच कुरणं सामाईक असतात, पण कुणी किती जनावरं चढवायची हे ठरलेलं असतं. बर्फ पडायच्या आत गुरं गोठ्यात येतात, ती वाजतगाजत.

गावात पोचलो तर रस्त्यावर मोटारी बंद! दुतर्फा माणसांची दाटी, पितळी वाद्यांचा बँड, कातडी अर्ध्या चड्ड्या घातलेले बाप्ये. एकीकडं कढईत 'क्रापफेन' तळत होते. बटाटा नि चीज भरलेली तिखटमिठाची करंजीच म्हणा ना!

एवढ्यात लांबून घंटांचा घणघणाट आला. पुढं मानाची गाय. डोक्यावर सुरूसारख्या झाडाच्या डहाळ्या, फुलं, रंगीत फिती यांचा मुकुट, गळ्यात कळशीएवढी घंटा. मला आमच्या ढवळ्याचं बाशिंग आठवलं. मुकुट घरच्या माणसांनी रात्री जागून केलेले असतात म्हणे.

एकामागून एक कळप गेले. मग एक कळप आला तो अगदी साधा. ना फूल, ना फीत. मागून काठी टेकत एक म्हातारा चालला होता. टाळ्या थांबल्या. मी सोबत्याला विचारलं, "यांची ऐपत नाही का?"

तो हळूच म्हणाला, "तसं नाही. त्यांची एक गाय कड्यावरून पडून मेली. वर असताना जनावर दगावलं किंवा घरात कुणी गेलं, तर त्या वर्षी गुरं सजवत नाहीत."

माझ्या हातातला क्रापफेन तसाच राहिला.

गुरं ऋतुमानाप्रमाणे एका कुरणातून दुसऱ्या कुरणात नेण्याची ही जुनी चाल युनेस्कोनं 2019 साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंदली आहे. पण मला ती पटली त्या बिनसजल्या कळपामुळं.

रात्री घरी फोन केला. वडिलांनी आधी विचारलं ते गाई दूध किती देतात, चारा कोणता, गोठा कसा. मग त्या म्हाताऱ्याचं सांगितलं. पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही.

मग वडील म्हणाले, "त्यानं दुसरी गाय घेतली का, तेवढं विचारून ठेव."