प्रार्थना आणि रोजकीर्द

तापीकाठच्या या शहराला कॅथलिक संन्याशांचा परिचय जुना आहे; असीरगडाच्या वेढ्याच्या काळात अकबराच्या छावणीबरोबर येशूसंघाचे जेरोम झेवियर आणि बेंतो द गोईश बुऱ्हाणपुरी होते, आणि १६०१ साली बादशहाचा वकील गोव्यास निघाला तेव्हा गोईशही त्याच्यासमवेत गेले. आज बुऱ्हाणपूर १९७७ मध्ये स्थापन झालेल्या खंडवा धर्मप्रांतात मोडते. येथील धर्मभगिनींच्या एका लहानशा घराची दिनचर्या जवळून पाहण्याची अनुज्ञा मला मिळाली.

पहाटे, भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना, भगिनी चॅपलमध्ये समोरासमोर दोन ओळींत बसतात. स्तोत्रे चार आठवड्यांच्या क्रमात विभागलेली असतात. एका ओळीने एक कडवे म्हणावे, दुसरीने ऐकावे, पुढले तिने म्हणावे आणि चरणाच्या मध्यावर सर्वांनी क्षणभर थांबावे, असा परिपाठ. त्या थांबण्यातच या जीवनाची खरी तालीम आहे, असे मला वाटते. कारण जिचा कंठ गोड तिला तो आवरावा लागतो, जिला घाई तिला थबकावे लागते, आणि केरळची, छोटानागपूरची, खानदेशची अशा निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या स्त्रियांचा हिंदी उच्चार हळूहळू एका लयीत येतो. मग ख्रिस्तयाग, न्याहारी, शाळा. सायंकाळी जपमाळ, आणि निजण्यापूर्वी दिवसभराच्या वर्तनाचे आत्मपरीक्षण.

परंतु मला सर्वांत विलक्षण वाटली ती त्या घराची रोजकीर्द. शाळेत शिकवणाऱ्या भगिनीचा पगार तिचा नसतो. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार व्रतस्थाने श्रमाने मिळवलेले सारे संस्थेचे होते. म्हणून चपलेचा अंगठा तुटला तरी पैसे वरिष्ठ भगिनीकडे मागावयाचे, उरलेली मोड परत करावयाची, आणि तारीखवार जमाखर्च लिहावयाचा. प्रौढ, पदवीधर, शेकडो मुलांना धाकात ठेवणारी स्त्री मोजक्या रुपयांसाठी निःसंकोचपणे हात पुढे करते, हे पाहिल्यावर दारिद्र्यव्रताचा अर्थ मला प्रवचनांपेक्षा अधिक उमगला. उपवास एकट्याने करता येतो. हे मागणे मात्र रोज दुसऱ्या माणसासमोर करावे लागते, आणि ते माणूस आपण निवडलेले नसते.

वरिष्ठेचा अधिकारही मुदतीचाच असतो. मुदत संपली की बदलीचा हुकूम येतो, आणि कालपर्यंत मंजुरी देणारी तीच भगिनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरात, चपलेसाठी पैसे मागू लागते.