जर्मन धर्तीच्या लागरची पारख

अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळक्यासारख्या गावी बिअर म्हटली की सरकारी परवान्याच्या दुकानातील थंडगार बाटलीच डोळ्यांपुढे येते. परंतु २००९ साली पुण्यात ऑलिव्हर शाउफ या जर्मन तज्ज्ञाच्या हातून डूलाली ही लघुमद्यशाळा उभी राहिल्यापासून, ताज्या बिअरची साक्षेपाने पारख करण्याची अभिरुचीही महाराष्ट्रात अंकुरली आहे.

बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यांनाच मुभा दिली होती, आणि त्याच संयमाच्या परंपरेत वाढलेली लागर बिअर सुमारे दहा अंश तापमानात मंदगतीने आंबवून पुढे कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरवत ठेवावी लागते. म्हणूनच तिच्यात दोष लपवण्यास जागा उरत नाही, आणि माझ्या मते कर्त्याच्या कौशल्याची याहून कठोर परीक्षा नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला तर जवाच्या अर्काचे उकळणे अपुरे झाले असावे, लोण्याचा आला तर बहुधा मुरवण्यात घाई झाली, असे जाणकार अनुमान करतात.

स्पर्धांतून रूढ असलेल्या पन्नास गुणांच्या पद्धतीत चवीस वीस, गंधास बारा, एकूण ठशास दहा, जिभेवरील स्पर्शास पाच आणि रूपास अवघे तीन गुण असतात. सोनेरी तकाकीवर भाळणाऱ्याने हे प्रमाण अवश्य ध्यानी घ्यावे. पेला मात्र बर्फगार नसावा, कारण अतिशीत द्रवातून गंध वर येतच नाही आणि परीक्षकाला गंधाचे बारा गुण अंदाजाने द्यावे लागतात.