सुई टोचली, तर लपवू नका!

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दंतवैद्यक महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवल्यावर मात्र मी सांगेन, की दवाखान्यात ती उपयोगाची नाही. तिथे झाकलेली मूठ फार महाग पडते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाह्यरुग्ण विभागात दुपारी चारच्या सुमारास एका विद्यार्थिनीने दाढ काढण्यापूर्वी रुग्णाला भुलीचे इंजेक्शन दिले. सुईला टोपण लावताना ती सुई तिच्याच बोटात घुसली. मोज्याच्या आत रक्ताचा थेंब आला. तिने मूठ मिटली, मोजा बदलला आणि काम पुढे चालू ठेवले. रुग्ण घरी गेला. संध्याकाळी साडेसातला तिची मैत्रीण तिला माझ्या घरी घेऊन आली, तेव्हा मला हे कळले.

"अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती रडतच म्हणाली, "सर, मागच्या आठवड्यात तुम्ही त्याला सगळ्यांसमोर बोललात ना..."

तिचे खरे होते. अशीच सुई टोचलेल्या एका मुलाला मी रुग्णांदेखत रागावलो होतो. त्यामुळे मुले सावध होतील, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती गप्प बसायला शिकली!

धोका किती?

रक्तातून पसरणारे मुख्य विषाणू तीन. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. दातांच्या कामात लाळेत रक्त मिसळतेच, म्हणून ती लाळही रक्ताइतकीच धोक्याची मानतात. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस सीची शंभरात दोनहून कमी. पण लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची लागण शंभरात 6 ते 30 वेळा होऊ शकते. लोक घाबरतात एचआयव्हीला आणि विसरतात हिपॅटायटिस बीची लस!

लगेच काय करावे?

जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये. स्पिरिट किंवा ब्लीचही लावू नये. डोळ्यात रक्त उडाले, तर डोळा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा. आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगावे.

'ताबडतोब' अशासाठी, की एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती 28 दिवस घ्यायची असतात. आमच्या मुलीचे साडेतीन तास आधीच गेले होते. तिला हात धुवायला लावून मी तसाच सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. पहिली गोळी तिने तिथेच घेतली. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात. पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा डोस घ्यायचा तिच्याकडून राहून गेला होता. तोही त्याच वेळी दिला. हिपॅटायटिस सीवर लस नाही. पण तपासणीत तो वेळेवर सापडला, तर आजच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून पुढच्या तपासण्या चुकवायच्या नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रुग्णाला बोलावून घेतले. साठीचे शेतकरी गृहस्थ. रक्त तपासायचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, मला काही वाईट रोग आहे, असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणालो, "नाही काका. असं झालं की आम्ही कुणालाही हेच विचारतो. तुम्ही नको म्हणालात, तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी बाही वर केली. "घ्या. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्यांच्या तपासणीत काय निघाले, ते मी इथे लिहिणार नाही. एचआयव्हीची चाचणी संमतीनेच करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा, असे 2017चा कायदाही सांगतो. मुलीच्या सहा आठवड्यांच्या, तीन महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या तपासण्या मात्र निर्दोष आल्या. ते सहा महिने तिच्या आईवडिलांनी कसे काढले, ते मी पाहिले आहे.

त्यानंतर मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. आता आमच्याकडे टोपण हातात धरत नाहीत. ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवतात. वापरलेली सुई लगेच सुईने न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. आणि सुई टोचल्याचे सांगायला आलेल्यावर कोणीही आवाज चढवत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात कोणी परिचारिका, प्रयोगशाळेत काम करणारे, दवाखान्यातले सफाई कामगार किंवा डॉक्टरकी शिकणारे मूल असेल, तर आज जेवताना त्यांना दोनच प्रश्न विचारा. लसीचे तिन्ही डोस झाले का? आणि सुई टोचली, तर सर्वांत आधी कोणाला सांगायचे, हे ठाऊक आहे का?